ट्रिलियन म्हणजे आपले किती कोटी?

पेपर वाचता वाचता बाबा थांबले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, की प्रश्न येणार हे मला कळतं. परवाचा प्रश्न होता, "अगं, हे ट्रिलियन म्हणजे आपले किती कोटी?"

बाबांनी एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत कॅशियर म्हणून काम केलं. पैशांच्या आकड्यांना ते बिचकत नाहीत. पण हा शब्द त्यांना दर वेळी अडतो, आणि तसा तो फार लोकांना अडतो. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था १ ट्रिलियन डॉलरची करायची घोषणा आपण ऐकतो. देशासाठी ५ ट्रिलियन डॉलरचं लक्ष्य २०१९ पासून चर्चेत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडिया या कंपनीचं बाजारमूल्य ५ ट्रिलियन डॉलरच्या वर गेलं. पुढच्याच महिन्यात टेस्लाच्या भागधारकांनी ईलॉन मस्क यांना १ ट्रिलियन डॉलरपर्यंत जाऊ शकेल असं मानधन मंजूर केलं. शब्द रोज समोर येतो, आपण मनात 'खूप' असं म्हणतो आणि पुढची बातमी वाचायला घेतो.

मला हे खटकतं. ज्या आकड्यावर आपला कर, कर्ज, पगार ठरतो, तो आकडा धूसर राहिला तर त्यात हजारपट चूक झाली तरी आपल्या लक्षात येणार नाही. आणि हा शब्द शिकायला खरं तर एक संध्याकाळ पुरते.

तीन पायऱ्या, तिन्ही हजारच्या

इंग्रजीत मोठे आकडे हजार-हजारच्या उड्या मारत जातात. हजार हजार म्हणजे मिलियन, हजार मिलियन म्हणजे बिलियन आणि हजार बिलियन म्हणजे ट्रिलियन. आपले आकडे हजारानंतर शंभर-शंभरच्या पायऱ्या चढतात: शंभर हजार म्हणजे लाख, शंभर लाख म्हणजे कोटी. जिन्याच्या पायऱ्यांची उंची वेगळी असल्यामुळेच दोन्हींकडची नावं एकमेकांसमोर येत नाहीत आणि आपली फसगत होते. स्वल्पविरामही त्यामुळेच वेगळ्या जागी पडतात. दहा लाख आपण १०,००,००० असे लिहितो आणि इंग्रजी पद्धतीत ते १,०००,००० असे दिसतात.

आता जोड्या लावू. मिलियन म्हणजे १० लाख. बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. आणि ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. एकावर बारा शून्यं.

यातली शेवटची जोडी तेवढी पाठ करा. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. अर्थसंकल्पाच्या बातम्यांमुळे 'लाख कोटी' हे शब्द आपल्या कानांना आधीच सवयीचे आहेत. म्हणजे शब्द नवा असला तरी रक्कम ओळखीचीच निघते.

कॅशियरच्या टेबलावरून

बाबांना एवढं सांगितल्यावर ते गप्प झाले आणि पेपरच्या समासात पेन्सिलीनं काहीतरी मांडायला लागले. त्यांचा हिशेब असा. पाचशेच्या शंभर नोटांची एक गड्डी, म्हणजे ५०,००० रुपये. सरावलेला हात एक गड्डी मिनिटभरात मोजतो. मशीन नाही, हातानं. दिवसाचे आठ तास धरले तर ४८० गड्ड्या.

दहा लाख रुपये, म्हणजे एक मिलियन, मोजायला २० गड्ड्या. वीस मिनिटं. चहा येईपर्यंत काम संपलं.

शंभर कोटी, म्हणजे एक बिलियन. गड्ड्या झाल्या २०,०००. एकही सुट्टी न घेता जवळजवळ बेचाळीस दिवस.

लाख कोटी, म्हणजे एक ट्रिलियन. गड्ड्या २ कोटी. बाबांनी भागाकार दोनदा करून पाहिला, कारण उत्तरावर त्यांचा विश्वास बसेना. रविवार नाही, दिवाळी नाही, आजारपण नाही, तरी ११४ वर्षं. "म्हणजे माझ्या आजोबांनी मोजायला घेतले असते," ते म्हणाले, "तरी मी अजून मोजतच असतो."

वीस मिनिटं, बेचाळीस दिवस, एकशे चौदा वर्षं. मिलियन, बिलियन आणि ट्रिलियन ऐकायला सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. त्यांच्यातलं अंतर मला या तीन मुदतींतून जेवढं कळलं, तेवढं शून्यं मोजून कधी कळलं नव्हतं.

शब्द वापरायचा कसा?

इंग्रजीत 'फाइव्ह ट्रिलियन' म्हणतात, 'फाइव्ह ट्रिलियन्स' नाही. नेमका आकडा पुढे असला की शब्द एकवचनीच राहतो. मोघम बोलायचं असेल तेव्हा मात्र 'ट्रिलियन्स ऑफ डॉलर्स' होतं. मराठीतही असंच आहे. आपण 'पाच कोटी' म्हणतो आणि मोघम बोलताना 'कोट्यवधी' म्हणतो. 'पाच कोट्यवधी' कुणी म्हणत नाही.

'ट्राय' म्हणजे तीन, मग शून्यं बारा कशी?

हा प्रश्न शाळकरी मुलं हमखास विचारतात आणि तो अगदी योग्य आहे. 'बाय' म्हणजे दोन, 'ट्राय' म्हणजे तीन. पण ट्रिलियनमध्ये तीनचं काहीच दिसत नाही.

मिलियन हा शब्द मुळात इटालियन. 'मिल्ले' म्हणजे हजार, त्याला मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लावून 'मिलिओने', म्हणजे थोरला हजार. पुढे १४८४ मध्ये निकोला शुके नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं आपल्या हस्तलिखितात बिलियन, ट्रिलियन अशी पुढची नावं मांडली. त्याची पद्धत सरळ होती. मिलियनला मिलियननं एकदा गुणलं की बिलियन, म्हणजे दोन मिलियनांचा गुणाकार आणि बारा शून्यं. तीन मिलियनांचा गुणाकार म्हणजे ट्रिलियन, अठरा शून्यं. दोन आणि तीन हे आकडे नावात चपखल बसत होते.

नंतर फ्रान्समध्येच काही जण सहा-सहा अंकांऐवजी तीन-तीन अंकांचे गट पाडायला लागले आणि तीच नावं छोट्या आकड्यांना चिकटली. अमेरिकेनं ही छोटी मापं उचलली. या पद्धतीत 'तीन' असा बसतो: आधी एक हजार लिहा, १,०००, आणि त्यापुढे तीन शून्यांचे आणखी तीन गट मांडा. झाला ट्रिलियन. त्यातलं 'ट्राय' हे हजाराच्या पुढचे तीन गट मोजतं.

ब्रिटन मात्र मोठ्या मापांवर अडून होतं. तिथे बिलियन म्हणजे मिलियन मिलियनच होते. २० डिसेंबर १९७४ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं, की सरकार यापुढे बिलियन हा शब्द हजार मिलियन याच अर्थानं वापरेल, कारण जगभर तो तसाच वापरला जातो. त्यामुळे १९७४ च्या आधीचं ब्रिटिश पुस्तक वाचताना 'बिलियन' दिसला तर जरा थांबावं. तो आजचा ट्रिलियन असू शकतो.

जर्मनीत हाच शब्द वेगळा

पुण्यात जर्मन शिकणारी मुलं खूप आहेत आणि पुढे शिकायला, नोकरीला तिकडे जाणारीही खूप. माझी भाची त्यांतली एक. तिथल्या पेपरात सरकारी कर्जाचा आकडा 'बिलिओन'मध्ये वाचून तिला पहिल्यांदा वाटलं, एवढंच कर्ज? जर्मनमध्ये आजही शुकेचीच जुनी मापं चालतात. आपल्या अब्जाला ते 'मिलिआर्डे' म्हणतात, आणि त्यांचा 'बिलिओन' म्हणजे इंग्रजीतला ट्रिलियन. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्येही बिलियनला बाराच शून्यं आहेत.

१९२३ मध्ये जर्मनीत महागाई आकाशाला भिडली, तेव्हा नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ ट्रिलियन मार्क पडत होते. जर्मन पुस्तकात हाच आकडा ४.२ 'बिलिओनेन' असा भेटतो. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. भाषांतर करणाऱ्यानं शब्द जसाच्या तसा उचलला तर मात्र हजारपट फरक पडतो.

आपल्याकडे शब्द नाहीत का?

आहेत, आणि फार सुंदर आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्याच भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, दहापट दहापट वाढत जाणारी नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मोजत जा, बारा शून्यांवर 'महापद्म' येतं. ट्रिलियनला आपल्याकडे साडेआठशे वर्षांपूर्वीपासून शब्द आहे.

मग तोच का वापरू नये, असं कुणी विचारेल. माझंही मन तिकडे ओढ घेतं. पण अडचण खरी आहे. लीलावतीतला खर्व म्हणजे दहा अब्ज, आणि हिंदीतला खरब म्हणजे शंभर अरब. अर्बुद तिथे आठ शून्यांचा आहे, तर त्याच्यापासून आलेला हिंदी अरब नऊ शून्यांचा. बातमीत 'खर्व' दिसला तर लिहिणाऱ्याच्या मनात कुठला होता हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि पैशांच्या बाबतीत दहापट संदिग्धता परवडत नाही.

म्हणजे बिलियन जसा युरोपात सरकला, तसे आपले खर्व-अर्बुदही सरकले. एवढंच काय, आपला कोटी फारसीत 'कुरूर' होऊन इराणात गेला आणि तिथे पाच लाखांवर येऊन थांबला. १८२८ च्या तुर्कमेनचाय तहात इराणनं रशियाला दहा कुरूर तोमान (तोमान हे इराणचं चलन) द्यायचे ठरले. ते पन्नास लाख तोमान होते, दहा कोटी नव्हेत. मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. हजार हा शब्द कुठे घसरला नाही, कारण बाजारात तो रोज वापरला जातो आणि चूक झाली तर समोरचा लगेच हात धरतो. ज्या शब्दांना असा रोजचा व्यवहार नाही, ते घसरतात. भास्कराचार्यांनीही ही नावं पूर्वजांनी 'व्यवहारार्थं' केली असंच म्हटलं आहे. आज आपल्या व्यवहारात लाख आणि कोटी पक्के आहेत, अब्जही बऱ्यापैकी पक्का आहे. त्यापुढे मराठीत 'लाख कोटी' लिहावं, असं माझं मत आहे.

लाख कोटी असताना ट्रिलियन हवाच कशाला?

लिहिण्यासाठी नको असेल, पण वाचण्यासाठी हवा. शेअर बाजाराच्या बातम्या, परदेशी कंपन्यांचे आकडे, मुलांची अर्थशास्त्राची पुस्तकं यात तो येणारच.

शिवाय 'लाख कोटी'तही काळजी घ्यावी लागते. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये दाखवला होता. तो वाचताना 'सात लाख वीस कोटी' असं म्हटलं जातं. हे ऐकून कुणी ७ लाख २० हजार कोटी समजलं तर? मधल्या वीस हजार कोटींचा फरक कानाला कळतच नाही. 'सात लाख कोटी आणि वर वीस कोटी' असं म्हटलं की गोंधळ उरत नाही. इंग्रजीत तीच रक्कम ७ ट्रिलियन रुपये.

पुढे चलन कुठलं आहे ते पाहा

झिम्बाब्वेनं जानेवारी २००९ मध्ये १०० ट्रिलियन डॉलरची नोट काढली. एकाच कागदावर एक आणि चौदा शून्यं. डॉलर त्यांचा, झिम्बाब्वेचा. पुढे २०१५ मध्ये ते चलन कायमचं मोडीत काढलं, तेव्हा बँकेतल्या १७५ क्वाड्रिलियनपर्यंतच्या शिलकीला सरसकट ५ अमेरिकी डॉलर मिळाले. क्वाड्रिलियन म्हणजे हजार ट्रिलियन. जपानचं वार्षिक अंदाजपत्रकही १०० ट्रिलियनच्या वर असतं, पण ते येनमध्ये. नुसता ट्रिलियन ऐकून दचकू नये आणि हुरळूनही जाऊ नये.

आपल्यासाठी डॉलरचा हिशेब सोपा आहे. ट्रिलियनला डॉलरच्या भावानं गुणा आणि पुढे लाख कोटी लावा. हिशेबाला सोपा म्हणून डॉलर ९० रुपयांचा धरला, तर १ ट्रिलियन डॉलर म्हणजे ९० लाख कोटी रुपये आणि ५ ट्रिलियन डॉलर म्हणजे ४५० लाख कोटी.

इथेच एक गोष्ट ध्यानात येते. समजा, देशाचं वर्षाचं उत्पादन ३४० लाख कोटी रुपयांचं आहे. डॉलर ८५ ला असेल तर ते बरोबर ४ ट्रिलियन होतं. डॉलर ९० झाला तर तेच उत्पादन ३.७८ ट्रिलियन. एकही कारखाना बंद पडलेला नाही, एकही शेत पडीक राहिलेलं नाही, तरी डॉलरमधला आकडा खाली आला. 'ट्रिलियनचा टप्पा' गाठला किंवा हुकला अशी बातमी वाचताना रुपया कुठे आहे, हेही सोबत पाहायला हवं.

कंपनी देशापेक्षा मोठी झाली का?

एनव्हिडिया ५ ट्रिलियनची झाली, तेव्हा 'अमुक देशापेक्षा मोठी कंपनी' असे संदेश घराघरांतल्या ग्रुपवर फिरले. आकडे खरे असले तरी तुलना चुकीची आहे. देशाच्या पुढे लावलेला ट्रिलियन म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, एका वर्षात देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांची किंमत. कंपनीच्या पुढे लावलेला ट्रिलियन म्हणजे बाजारमूल्य, एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर. पहिला आकडा वर्षाच्या पगारासारखा, दुसरा फ्लॅटच्या किमतीसारखा. वर्षाला बारा लाख कमावणाऱ्या माणसापेक्षा साठ लाखांचा फ्लॅट 'मोठा' आहे, असं आपण म्हणत नाही. २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या डोक्यावर ३८ ट्रिलियन डॉलरचं कर्ज होतं, तो तिसराच प्रकार. वर्षानुवर्षं साचत आलेली थकबाकी.

आणि झिलियन?

तो आकडाच नाही. इंग्रजीत 'झिलियन' म्हणजे नुसतं 'पुष्कळ'. आपण 'मला सतराशे साठ कामं आहेत' म्हणतो तेव्हा ती कुणी मोजत नाही, तसंच. नवकोट नारायण म्हणतानाही आपण नऊ कोटी मोजायला बसत नाही. मुलांना हा फरक आवर्जून सांगावा, कारण झिलियनचा ध्वनी ट्रिलियनच्या इतका जवळचा आहे की तो यादीतला पुढचा आकडा वाटतो.

एकदा भागून बघा

एवढं झाल्यावर बाबांनी केंद्राच्या अर्थसंकल्पाचं जुनं कात्रण काढलं. २०२५-२६ साठी एकूण खर्चाचा अंदाज ५०,६५,३४५ कोटी रुपये. "म्हणजे साडेपन्नास ट्रिलियनपेक्षा थोडा जास्त," ते म्हणाले, आणि आता त्यांना अडखळावं लागलं नाही.

मी म्हटलं, लोकसंख्या ढोबळमानानं १४० कोटी धरून याला भागा. कोटीला कोटी कटतात. उरतात ५०,६५,३४५ भागिले १४०. उत्तर आलं साधारण ३६,१८१. देशातल्या प्रत्येक माणसामागे, पाळण्यातल्या बाळासकट, वर्षाला सुमारे ३६,१८१ रुपयांचा खर्च. हा आकडा बाबांना हाताळता येतो. डेपोतल्या एका काउंटरवर कधी कधी दिवसाला तेवढीच रक्कम जमा व्हायची.

त्यांनी समासात ३६,१८१ लिहून त्याभोवती गोल काढला आणि विचारलं, "यातले कर्जाचे किती?"

त्याच कात्रणात वित्तीय तूट होती, म्हणजे सरकार उत्पन्नापेक्षा जास्त जो खर्च करतं आणि मुख्यतः कर्जातून भागवतं ती रक्कम: १५,६८,९३६ कोटी. पेन्सिल बाबांच्याच हातात होती. पुन्हा कोटीला कोटी कटले, खाली १४० आले, आणि त्यांनी पहिल्या गोलाशेजारी दुसरा आकडा लिहिला: ११,२०७.